येऊरला पहाटे बासमती भाताचा वास, नक्की काय?

उपवनचा_भटक्या:
गेले आठ-दहा दिवस पहाटे साडेपाचला येऊरच्या (ठाण्याला लागून असलेलं जंगल) रस्त्याने चालायला जातोय, पाटोणपाड्याच्या अलीकडे एका वळणावर गरम बासमती भाताचा वास येतो, अगदी कुकर उघडल्यासारखा, आणि आसपास एकही घर नाही. आजी म्हणते तिथे साप असतो, भाताचा वास आला की पाय उचल. काल टॉर्च मारला तर झाडीत दोन डोळे चमकले आणि मी तसाच मागे फिरलो. बिबट्या होता का? आणि बिबट्याला भाताचा वास येतो का?? हसू नका.

खाडीकाठची:
दादा हसत नाही, आमच्या गावी पण हेच सांगायचे. पण साप चिडला तर जो वास सोडतो तो घाण असतो, भाताचा नाही. मला तरी हे कांडेचोर वाटतंय, म्हणजे उदमांजर. शेपटीखालच्या ग्रंथीतून वास लावत फिरतं, हद्द कळवायला. आपण भातात अन्नपूर्णाचं पान टाकतो ना, सेम तसा वास.

वाघ हद्द आखायला झाडांवर जो फवारा मारतो त्यात तर बासमतीच्या सुगंधाचंच रसायन निघालं होतं, कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं. येऊरला वाघ नाही, ते टेन्शन घेऊ नका.

मचाणावरून:
नुसत्या चमकेवरून बिबट्या ठरवू नका. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा थर असतो, आत शिरलेला प्रकाश त्यावर आपटून परत येतो त्यामुळे त्यांना अंधुक उजेड दोनदा वापरता येतो आणि आपल्याला ती चमक दिसते. चितळ, गाय, कुत्रा, सगळ्यांचे चमकतात. आपल्याकडे तो थर नाही म्हणून आपण टॉर्च घेऊन हिंडतो.

बिबट्या शिकार करतो ती मुख्यतः डोळे आणि कानांवर, वास त्याला जास्त करून दुसऱ्या बिबट्याचा निरोप वाचायला लागतो. चितळाचं उलटं, नाक जबरदस्त पण रंगांच्या बाबतीत कच्चं, हरणांना केशरी आणि हिरवा वेगळा काढता येत नाही. म्हणून तर वाघाचा तो भडक रंग त्यांच्या डोळ्यांना गवतातच मिसळतो. चितळं वानरांच्या झाडाखाली चरतात ते पण उगाच नाही, वरून पाला पडतो तो खातात, वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला खालचा वास लागतो आणि एकाने आवाज दिला की दुसरा सावध. माझा स्वतःचा भरवसा टॉर्चपेक्षा वानराच्या खोकल्यावर जास्त.

डोळे जमिनीपासून किती उंच होते ते सांगा. आणि उजाडल्यावर तिथल्या कठड्यावर, दगडावर विष्ठा बघा, कांडेचोर फळं खातं त्यामुळे बिया तशाच बाहेर पडतात.

उपवनचा_भटक्या:
डोळे झाडावर होते हो, डोक्याच्या वर, घाबरून लिहायचंच राहिलं 😅

खाडीकाठची:
मग झालं की! कांडेचोर झाडावरच जास्त असतं. तरी अंधारात एकटे नका जाऊ, बिबट्या पण झाडावर चढतो आणि त्या जंगलात तो आहेच.

उपवनचा_भटक्या:
आज सात वाजता गेलो, मित्राला घेऊन. वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर काळसर विष्ठा आणि त्यात जांभळाच्या बियाच बिया. आजीला फोटो दाखवला, म्हणाली जेवायच्या वेळी हे दाखवतोस?