'मेमेंटो मोरी' आणि मेसन लोकांचे 'ज्वेल'

प्रश्न : एका लिलावाच्या कॅटलॉगचं भाषांतर करतेय. कवटीच्या एका वस्तूखाली 'मसॉनिक ज्वेल, मेमेंटो मोरी' असं लिहिलंय. 'मृत्यूचा दागिना' चालेल का?

उत्तर १ : नको हो, गिऱ्हाईक पळून जाईल! 'मेमेंटो मोरी' हे लॅटिन : मरायचं आहे, विसरू नकोस. 'मरणाची आठवण' एवढं पुरे. खरी गफलत 'ज्वेल'मध्ये आहे. फ्रीमेसन (किंवा नुसतं मेसन) म्हणजे गवंडीकामाची चिन्हं वापरणाऱ्या, गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेचे सभासद. त्यांच्याकडे ज्वेल म्हणजे बहुतेकदा पदाची खूण, फितीला अडकवून गळ्यात घालायची. लॉजच्या (त्यांच्या स्थानिक शाखेच्या) प्रमुखाचा, म्हणजे मास्टरचा गुण्या; त्याच्या हाताखालच्या सीनियर वॉर्डनची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा. सगळी गवंड्याची हत्यारं. म्हणून 'दागिना'पेक्षा 'पदाचं चिन्ह' बरं.

कवटी येते ती तिसऱ्या पदवीतून, म्हणजे मास्टर मेसन होताना. तिच्यामागची कथा अशी : बायबलातल्या राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य कारागीर हिराम अबिफ. गुपित फोडत नाही म्हणून तीन कामगार त्याला ठार मारतात. (बायबलात हिराम आहे, हा खून नाही. 1730 साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत ही कथा बाहेर फुटली.) विधीत उमेदवाराला हिरामच्या जागी आडवं करतात आणि मग हात धरून उठवतात. म्हणून या पदवीच्या चित्रफलकावर शवपेटी, कवटी, फुलीसारखी हाडं आणि वर अकेशियाची डहाळी.

उत्तर २ : अकेशिया म्हणजे बाभूळच ना? मग तसंच लिहा की.

उत्तर १ : झाड त्याच गोतातलं, पण मराठी वाचकाला बाभूळ म्हटलं की काटे नाहीतर भूत आठवणार. तिथे ती डहाळी थडग्याची खूण आहे आणि आत्मा मरत नाही हे सांगते. 'अकेशिया'च ठेवा.

उत्तर ३ : कवटी दिसली की मेसन, असं मात्र समजू नका. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये माणूस गेल्यावर आप्तांना शोकाच्या अंगठ्या वाटत. त्यांवरही कवटी असे, आत मृताचं नाव नि तारीख. मेसनांची खूण म्हणजे गुण्या-कंपास, ती शोधा. उलट स्कॉटिश राइटच्या (मेसनांच्याच, तिसरीपुढच्या पदव्या देणाऱ्या एका पंथाच्या) चौदाव्या पदवीची अंगठी साधी सोन्याची पट्टी असते, कवटी नाही, पण आत लॅटिनमध्ये कोरलेलं असतं : सद्गुणाने जोडलेल्यांना मृत्यू तोडणार नाही.

प्रश्नकर्ती : फितीची कडी आहे, कवटीखाली गुण्या-कंपासही दिसतोय. मग 'फ्रीमेसन पदाचं चिन्ह, मरणाची आठवण देणाऱ्या कवटीसह' असं लिहिते.

उत्तर १ : झकास. फक्त तो गुण्या कोणत्या पदाचा, ते ठरल्याशिवाय 'मास्टरचं' असं जोडू नका.