कृती संशोधनातून शिक्षकांचा गट खरोखर कामाला कसा लावावा?

प्रश्न
शाळेतल्या सात शिक्षकांना मिळून कृती संशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण घेऊन उपाय करणे आणि त्याचा परिणाम तपासणे, करायचे आहे. नेहमी होते असे की ज्याचे नाव गटप्रमुख म्हणून लागते, तोच चाचणी काढतो, तपासतो, अहवालही लिहितो; बाकीचे सह्या करतात. काम वाटले जावे आणि पुढाकार एकाकडेच राहू नये, यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
आधी प्रश्न लहान करा. ‘गणिताची गुणवत्ता वाढवणे’ यावर कोणीच काही करू शकत नाही, म्हणून ते काम आपोआप एकाच्या गळ्यात पडते. ‘मुले १/२ + १/३ = २/५ का लिहितात?’ यावर मात्र सगळ्यांना हात घालता येतो.

पहिल्या बैठकीला मते नकोत, वह्या हव्यात. प्रत्येकाने पाच-सहा आणाव्यात. चुकांचे ढीग लावा: अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे, समच्छेद करून अंश तसाच ठेवणारे (१/६ + १/६), नुसती आकडेमोड चुकलेले. सर्वांत मोठा ढीग हा तुमचा प्रश्न. विषय वेगवेगळे असतील, तर ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ या सूचना मुले कशी वाचतात, हा प्रश्न सगळ्यांना चालतो.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती संशोधनासाठी आखणी, कृती आणि परिणामाची तपासणी अशी पुन्हा पुन्हा फिरणारी चक्रे मांडली होती. म्हणून वर्षभराचा एकच प्रकल्प करू नका, सहा-सात आठवड्यांची दोन-तीन चक्रे करा. दर चक्राला समन्वयक आणि नोंद ठेवणारा बदला. समन्वयकाला तासिकांची अदलाबदल करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडून आधीच मिळवा. अधिकार नसेल, तर ते नेतृत्व नव्हे, कारकुनी होते.

उत्तर २
जपानमधली ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठ-अभ्यासाची पद्धत यासाठी फार चांगली आहे. सात जणांचे तीन आणि चार असे दोन गट करा. गटाने मिळून एक पाठ आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांजवळ बसायचे. प्रत्येक निरीक्षकाला तीन मुले ठरवून द्या. मूल काय लिहिते, काय खोडते, कुठे थांबते, एवढेच वेळेसह टिपायचे. ‘पाठ छान झाला’ ही नोंद नव्हे.

चर्चा त्याच दिवशी, साधारण ४० मिनिटे. आधी शिकवणारा बोलतो, मग नोंदी वाचल्या जातात, अर्थ लावणे त्यानंतर. सुधारलेला पाठ दुसऱ्या तुकडीवर दुसऱ्या शिक्षकाने घ्यावा. पाठ गटाचा होतो तो इथेच.

बिघडते ते दोन ठिकाणी. निरीक्षक मुलाला उत्तर सुचवतो, की नोंद वाया गेली. दुसरे, या नोंदी शिक्षकाच्या मूल्यमापनाला जोडल्या, तर पुढच्या वेळी सगळे पाठ घोटवून बसवलेले दिसतील. नोंदी गटातच राहतील, हे लेखी ठरवा.

प्रश्नकर्ता
चौघांच्या गटातले तिघे निरीक्षणाला गेले, तर त्यांचे वर्ग कोण सांभाळणार?

उत्तर २
तिघांपैकी दोघे मुळातच मोकळे असतील अशी तासिका शोधा, म्हणजे एकाच बदली तासिकेची सोय लागते. पाठाला दीड महिना असतानाच वेळापत्रक बघा. बैठकीसाठी आठवड्याला एक सामाईक मोकळी तासिका हवी. शाळा सुटल्यावरची बैठक फार काळ टिकत नाही.

उत्तर ३
चाचण्यांबद्दल. पूर्वचाचणी (उपायाआधीची) आणि उत्तरचाचणी (उपायानंतरची) यांत आठ-दहा प्रश्न पुरे. रचना तीच, आकडे वेगळे. गठ्ठे वाटण्याआधी त्याच दहा उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात. गुणांत फरक आला, तर गुणदानाचे निकष आधी पक्के करा.

वर्गाच्या सरासरीवर विसंबू नका, ती नुसत्या सरावानेही वाढते. प्रत्येक मुलाचे दोन्ही गुण शेजारी मांडा आणि जी मुले जागची हलली नाहीत, त्यांच्या वह्या पुन्हा काढा. तीन आठवड्यांनी तीच चाचणी बदललेल्या आकड्यांनी परत घ्या. पुढच्या चक्राचा प्रश्न बहुधा त्यातच सापडतो.