दगडी उतारासाठी कॅलिफोर्निया फ्यूशिया कितपत योग्य?

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया):
आमच्या घरामागील नैऋत्याभिमुख उतारावर मोठे दगड बसवून लॅव्हेंडर आणि रोझमेरी लावली आहे. परंतु लॅव्हेंडरचा बहर ओसरला की ऑगस्टपासून पहिला पाऊस येईपर्यंत तेथे एकही फूल दिसत नाही. रोपवाटिकेत एपिलोबियम कॅनम, म्हणजेच कॅलिफोर्निया फ्यूशिया, सुचवण्यात आले. जमीन चिकणमातीची आहे आणि ठिबकची नळी फक्त वरच्या कडेपर्यंत पोहोचते. अशा जागी हे झाड तग धरील का?

उत्तर १ (सॅक्रामेंटो):
निश्चित धरील. हे मूळचे कॅलिफोर्नियातीलच असून, बाकीची बाग उन्हाने वाळलेली असताना, उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत, त्याला शेंदरी-लाल नळीसारखी फुले येतात आणि त्यांतील मधासाठी हमिंगबर्ड येतात. चिकणमाती त्याला चालते, मात्र उन्हाळ्यात गरम मातीत पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात. आपल्याकडे उतार असल्याने ही चिंता बरीच कमी आहे. लागवड पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी, म्हणजे हिवाळ्याच्या पावसावर मुळे खोल जातात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र नियमित पाणी द्यावेच लागेल, तेव्हा नळी वाढवून घ्यावी किंवा हाताने पाणी घालावे. खत देऊ नये. त्याने फांद्या लांबतात आणि लोळतात.

उत्तर २ (सांता रोझा):
वरील मताशी सहमत आहे, परंतु रोपवाटिकेत सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की हे झाड जमिनीखालील खोडांनी पसरते आणि शेजारच्या नाजूक रोपांमध्ये घुसते. दगडांच्या फटींत ‘एव्हरेट्स चॉइस’ ही जमिनीलगत राहणारी जात लावावी. बहर संपल्यावर फांद्या जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटाव्यात. छाटणी टाळली तर झाड काटकुळे आणि मध्यभागी उघडे पडते. हिवाळ्यात ते मेल्यासारखे दिसते, म्हणून उपटून टाकू नये.

उत्तर ३ (पुणे):
हे पुण्यात लावता येईल का?

उत्तर १ (सॅक्रामेंटो):
जमिनीत लावण्याचा सल्ला मी देणार नाही. या झाडाची सवय हिवाळी पावसाची आणि कोरड्या उन्हाळ्याची आहे, तर पुण्यात पाऊस नेमका उष्ण महिन्यांत पडतो. प्रयोगच करायचा असल्यास खडी मिसळलेल्या मातीच्या कुंडीत लावून ती जून ते सप्टेंबर छपराखाली, पण भरपूर उजेडात ठेवावी.