‘सुपर ८’ म्हणजे चाळिशीवाल्यांचं रडगाणं? मग ऐकाच

लाल धूळ, डिचोली
काल इथं एकानं ठोकून दिलं की ‘सुपर ८’ हा सिनेमा म्हणजे दिग्दर्शक एब्रम्सनं स्पीलबर्गला घातलेला साष्टांग नमस्कार, परग्रहावरचा राक्षस दिसतो न दिसतो, बाकी नुसते चाळिशीवाल्यांचे उसासे. वाचून हातातला चहा निवला.

अरे बाबा, सुरुवात तरी नीट बघ. पोलाद कारखान्यात फलक आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. एक माणूस शिडीवर चढतो, मोठा आकडा काढतो, १ लावतो. सिनेमातल्या पोराची, ज्योची आई गेली, हे त्या आकड्यावरून कळतं. आम्ही गोव्याच्या खाणपट्ट्यातले. दप्तर झटकलं की लाल धूळ उडायची. माझ्या बाकावरच्या मुलाचे वडील टिपरखाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपरांची रांग तेवढीच. आमच्याकडे फलकसुद्धा नव्हता. सिनेमा २०११ चा, मी बघितला तो २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर. राक्षस कुठल्या मिनिटाला आला, आठवत नाही.

पर्वरीचा पाव
मीच तो पापी. तुझ्या मित्राचं वाईट वाटलं, खरंच. पण ते दुःख तुझं, सिनेमाच्या खात्यात कशाला जमा करतोस? १९५८ पासून हवाई दलानं ज्याचे हाल केले, जो माणसं ओढून नेऊन खातो, त्याला पोरगं समजुतीच्या दोन गोष्टी सांगतं आणि तो गार? शिवाय गोष्ट १९७९ ची, शाळा नुकत्याच सुटलेल्या, आणि पेट्रोल पंपावरच्या पोराच्या कानाला वॉकमन! जपानातच तो जुलैत विकायला आला. आठवणींचं दुकान मांडायचं तर माल तरी तपासा.

साखळीची सून
वॉकमनवर अडलात? धन्य. मला वेगळंच वाटलं. ते जनावर आपल्याकडे उतरलं असतं तर पिंजऱ्यात घालायची कोणाची छाती झाली असती? देवचार, गावची शीव राखणारा, म्हणून शिवेवर रोट ठेवला असता, वाहणा घातल्या असत्या, मोकळे झालो असतो.

घुमटवाला
वाहणा देवचाराला? बाय, वाहणा वेताळाला! तो रात्री गावभर हिंडतो, त्या झिजतात, म्हणून नव्या देतात. देवचाराला रोट, सोरो म्हणजे दारू, विडी. आणि त्याला जनावराच्या रांगेत बसवू नका, तो राखणदार.

साखळीची सून
आमच्या सासरी शिवेवरच्यालाही वाहणा देतात. मी डोळ्यांनी बघितल्यात.

घुमटवाला
मग तुमच्या सासरचे चुकतात.

साखळीची सून
सासरचं मी काढते ते वेगळं, तुम्ही काढायचं नाही! आजेसासरे होडीतून रात्री उशिरा उतरले, कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, वाट चुकले. पुढं काठीचा ठक् ठक् आवाज. आवाजामागून चालत थेट घरच्या पायरीला आले, तिथं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी वाहणा ठेवल्या. घेतल्या त्यानं. तुमची परवानगी विचारायला आला नाही.

पर्वरीचा पाव
घेतल्या असतील गावातल्याच कोणी तरी. धाग्याचं नाव बदला आता, ‘चपलांचा हिशेब’.

लाल धूळ, डिचोली
हसा. पण मुद्दा तिनंच पकडला. सिनेमातला तो जीव माणसाला हात लावतो तेव्हा त्या माणसाचं मन त्याला कळतं. ज्यो काय बोलला ते सोड, त्या मुठीत पोराची चार महिने कोंडलेली आई होती. माझा मित्र वडिलांबद्दल पहिल्यांदा बोलला तो दहावी झाल्यावर, तेही नदीच्या बांधावर, अंधारात, माझ्याकडे न बघता. खनिजाची बार्ज नदीतून गेली की मध्येच थांबायचा, आवाज संपला की तिथूनच पुढं. तुला दोन गोष्टी दिसल्या, मला तो बांध दिसला.

पर्वरीचा पाव
झोप उडवलीत म्हणून रात्री परत लावला. शिडीवरचा माणूस मानला. नामावलीबरोबर पोरांनी केलेला झोंबीपट येतो, तो तर मूळ सिनेमापेक्षा सरस. तीन-तीन मिनिटांच्या रिळांवर जीव टाकून केलेला. आईचं लॉकेट पाण्याच्या टाकीकडे ओढलं जातं आणि ज्यो मूठ सोडतो, तिथं डोळ्यांत काहीतरी गेलं. तुमच्या खाणीची धूळ असेल. वॉकमन मात्र मानत नाही.

घुमटवाला
आणि वाहणा वेताळाच्याच.