प्रतिसाद: दरडरोधक जाळीच्या खांबाचा कल मोजताना

खांबावर एमपीयू-६०५० (त्वरण मोजणारा सेन्सर) लावला तर चालेल का, असा प्रश्न विचारला आहे. दगड आदळला एवढंच कळायला हवं असेल तर चालेल. पण हळूहळू वाढणारा कल मोजायला तो कच्चा. त्याच्या डेटाशीटनुसार ० ते ७० अंश तापमानात एक्स-वाय अक्षांचं शून्य ±३५ मिलीजीपर्यंत (मिलीजी म्हणजे गुरुत्वत्वरणाचा हजारावा भाग) सरकू शकतं, म्हणजे कलात साधारण २ अंशांची चूक. ४ मीटरच्या खांबाच्या टोकाला तेच १४० मिमी! दुपारी खांब 'वाकतो' नि रात्री 'सरळ' होतो, तो हाच प्रकार.

त्याऐवजी एडीएक्सएल३५५ हा त्वरण-सेन्सर घ्या, महाग आहे पण खूपच स्थिर. तापमानही नोंदवा आणि तुलना पहाटे ४-५ च्या वाचनांचीच करा, दर वेळी शंभरेक नमुन्यांची सरासरी काढून.

खरी गोम ब्रेकमध्ये, म्हणजे जाळीच्या दोरांवरच्या धक्का शोषणाऱ्या भागात आहे. धक्का बसला की तो लांबतो, खांब मात्र जवळपास जागेवरच राहू शकतो. म्हणून ब्रेकवर तार-ओढ पोटेन्शिओमीटर (तार किती ओढली गेली ते मोजणारा सेन्सर) हवाच. वाचनं नोंदवणाऱ्या ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचा अंगचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) मोजपट्टीच्या टोकांना वाकडा वाचतो, त्यामुळे एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप जोडा. केबल ग्लँड (केबल आत घेणारी पाणीबंद जोडणी) सर्किटच्या पेटीच्या तळाशी ठेवा. वर ठेवलीत तर पहिल्याच पावसात पेटीची टाकी होते.