मदत हवी आहे: करार संपला, माणूस जागा सोडत नाही. घरमालक संघाचा काही उपयोग होतो का?

त्रस्तमालक
अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपला. माणूस हलत नाही, नुसतं "बघू, बघू" चाललंय. पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे. घरमालक संघाच्या ऑफिसात गेलो तर म्हणे आधी सभासद व्हा, मग बोलू. पावती फाडून खरंच काही होतं का? लवकर सांगा, डोकं फिरलंय.

नाममात्र
जागा महाराष्ट्रातच ना? करार रजिस्टर केलाय की नुसती नोटरी? लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीची नुसती वापरायची परवानगी) की भाडेकरार? जागा कोणाच्या नावावर? मुदत संपल्यावर पैसे घेतलेत का?

ठोकपाल
इतके प्रश्न कशाला! पाणी तोडा, आठ दिवसांत पळतो. स्वानुभव.

नाममात्र
@ठोकपाल, असले सल्ले देऊ नका हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29: पाणी-वीज तोडणं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आज तो फक्त आडमुठा आहे, उद्या फिर्यादी होईल.

जुना सभासद
पावती फाडा, डोळे झाकून फाडा. आमच्या संघात वकील ठरलेले आहेत, नोटिशीचा मसुदा तयार असतो. माझ्या वेळी पदाधिकाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, दीड महिन्यात चावी हातात. एकट्या मालकाला कोणी विचारत नाही.

अर्धवटराव
संघ म्हणजे कोर्ट नाही, साहेब. तुमचा माणूस भिडस्त निघाला म्हणून चावी मिळाली. संघटना धोरणासाठी भांडतात. मुंबईच्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनची 1992 ची याचिका सुप्रीम कोर्टात नऊ न्यायमूर्तींपुढे गेली आणि निकाल लागला 5 नोव्हेंबर 2024 ला. प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे सरकारने लोकहितासाठी वाटावी अशी समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे, असं बहुमताने ठरलं. मोठं काम आहे, नाकारत नाही. पण त्याने यांची चावी परत येत नाही.

जुना सभासद
बत्तीस वर्षं चिकाटीने लढले ते दिसत नाही का? आणि पागडीवाल्यांचं, म्हणजे एकदा रक्कम देऊन वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात राहणाऱ्यांचं काय? त्यांचं भाडं बघाल तर हसाल. वर्षाला चार टक्के वाढ, ती मागायचीही चोरी.

अर्धवटराव
पागडीचा विषय यांनी काढलाच नाही.

त्रस्तमालक
भांडू नका हो. नोटरी केलेला आहे, स्टॅम्प पेपरवर, लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांसाठी रजिस्टर कशाला करायचा? जागा आईच्या नावावर, सही मी केली. एप्रिल-मेचे पैसे खात्यात आले, मी कशाला परत करू?

नाममात्र
इथेच घोळ आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हे 1908 च्या नोंदणी कायद्यावरून आलेलं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल समोरचा म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तो उद्या "मी लायसन्सी (परवानगीवर राहणारा) नाही, भाडेकरू आहे" म्हणाला तर? मग स्वतःची गरज वगैरे, भाडेकरूला काढायची कलम 16 ची कारणं सिद्ध करत बसा.
आणि यापुढे पैसे "भाडं" म्हणून घेऊ नका. हक्क राखून, वापराची भरपाई म्हणून घेतोय असं लेखी कळवा.

चिंतातुर
बारा वर्षं राहिला तर जागा त्याचीच होते ना? आमच्याकडे असाच एकजण आहे.

अर्धवटराव
नाही. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा नुसती वर्षं मोजून प्रतिकूल (मालकाचा हक्क नाकारणारा) ठरत नाही. ही भीती कोण पसरवतं कोण जाणे.

नाममात्र
@त्रस्तमालक, आता आईच्या नावाने नोटीस काढा आणि कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. लायसन्सची मुदत संपल्यावर राहिला तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायला हवी, नाहीतर आदेश तुमच्या बाजूने.

त्रस्तमालक
वा, हे जमेल! पण त्याचा माल केवढा आहे, फडताळं भिंतीला ठोकलेली. तो कोण हलवणार?

नाममात्र
कसला माल?

त्रस्तमालक
दुकानाचा. गाळाच आहे तो. सुरुवातीला लिहिलं नव्हतं का?

नाममात्र
नव्हतं! कलम 24 फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागतं. गाळ्यासाठी दावाच लावावा लागेल, मुंबईत असाल तर लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात). वर लिहिलेला अर्ज, दुप्पट भरपाई, तीस दिवस, सगळं विसरा. आधी गाळ्यांच्या दाव्यांचा सराव असलेला वकील गाठा.

जुना सभासद
म्हणूनच म्हणतो, पावती फाडा. असे वकील संघाकडेच मिळतात.

अर्धवटराव
या एका मुद्द्यापुरतं मान्य. पण पावतीआधी विचारा, वकिलाची फी कोण देणार ते.

सोसायटीवाला
पूर्ण धागा वाचला नाही. पण सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता जागा दुसऱ्याला दिल्याबद्दलचा आकार) घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

त्रस्तमालक
सोसायटी नाहीच आमची. उद्या आईला घेऊन वकिलाकडे जातो. मूळ करार सापडत नाहीये, झेरॉक्स चालेल का?