जर्मनीतली मशीन, खालून दोऱ्याचा नुसता गुंता!

नाशिकरोडची_लेक: नमस्कार मंडळी, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत आहे. शेजारच्या आजींनी त्यांची इलेक्ट्रिक शिलाई मशीन वापरायला दिलीय पण माहितीपुस्तक हरवलंय. मी शिकले आईच्या काळ्या पायमशीनवर, तिथे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) केसमध्ये घालून खालून बसवायचो, इथे झाकण सरकवून वरूनच टाकायची. टीप वरून छान दिसते आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याची जाळी. बॉबिन केसचा स्क्रू फिरवू का? येवल्याच्या पैठणीचा ब्लाऊजपीस आहे, दिवाळीला घालायचाय, कात्री लावायचं धाडसच होत नाहीये. आणि पायडलला नुसता अंगठा लागला की मशीन सुसाट!!

टीप_मारा: स्क्रूला हात लावू नकोस गं बाई! गुंता खाली दिसतो पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा तो पाय, खाली ठेवून दोरा ओवला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, मग वर ताण नाही म्हणून सगळा ढील खाली जमा होतो. फूट उचल, चाक स्वतःकडे फिरवून तो वरचा दोरा ओढत वरखाली होणारा दांडा (सुईचा नव्हे) पार वर आण, आणि रिळापासून नव्याने ओव. दोरा त्या दांड्याच्या भोकातून गेलाच पाहिजे. बॉबिनचा दोरा कुठल्या बाजूने सुटायचा त्याचा बाण तिथेच छापलेला असतो बघ.

सिडकोवाली_काकू: सुईसुद्धा बदल. आपण 14 नंबर म्हणतो तीच तिकडे 90, पाकिटावर 90/14 असं दोन्ही असतं. पैठणीला 70/10 ची कोरी सुई घे, बोथट सुईने रेशमाचे धागे ओढले जातात आणि मग रडून उपयोग नाही. अशा मशीनला सुईची चपटी बाजू मागे, दोरा पुढून मागे ओवायचा, काळ्या मशीनसारखा बाजूने नाही. आधी अस्तराच्या चिंधीवर टीप घालून बघ. वेगाचं म्हणशील तर टाच जमिनीला टेकव आणि फक्त चवडा दाब, पायमशीनसारखा पाय हलवायची सवय सोडायला लागते थोडी.

गंगापूररोडकर: तेलाचं कुणी बोललं नाही. आपल्याकडे दिसेल त्या भोकात तेल सोडतात, या मशीनला तसं नका करू, बऱ्याचशा मॉडेलना वरून तेल लागतच नाही. मशीनवरचा मॉडेल नंबर टाकून शोधा, पुस्तक इंग्रजीत मिळून जाईल.

नाशिकरोडची_लेक: काकू, टीप_मारा, गुंता गेला!! फूट वर करून ओवलं आणि झालं. पण आता कापड पुढेच सरकत नाही, टाके एकाच जागी पडतायत 😭

टीप_मारा: टाक्याची लांबी शून्यावर नाही ना? नसेल तर कापड ढकलणारे दात खाली गेलेत. आजी रफू करत असतील, त्यासाठी दात पाडून ठेवतात. मशीनच्या मागे खाली छोटा खटका असेल, तो सरकव आणि चाक हाताने एक फेरा फिरव, दात वर येतील.